बाटलीचं बिल होतं : गोवा-दिल्ली विमानातलं एक प्रकरण

डिचोली भागात मी गेली एकोणीस वर्षं सहली नेण्याचा व्यवसाय करतो. खाली मांडलेलं प्रकरण माझ्याच एका गटात घडलं. संबंधितांना विचारून लिहितो आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. गोव्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यांपैकी हा कोणता ते सांगत नाही. विमान कंपनीचं नावही घेत नाही. दुसऱ्या कुठल्याही विमानतळावर आणि दुसऱ्या कुठल्याही कंपनीच्या विमानात हेच घडू शकलं असतं.

पार्श्वभूमी

डिसेंबरचा शेवटचा आठवडा होता. सतरा जणांचा गट, बहुतेक सगळे एकमेकांच्या नात्यातले. दिल्ली, आग्रा, अमृतसर असा आठ दिवसांचा दौरा. मी स्वतः जाणार नव्हतो; माझा चोवीस वर्षांचा मदतनीस गटाबरोबर होता.

गटात दत्ताराम नावाचे एकसष्ट वर्षांचे गृहस्थ होते. वीज खात्यातून लाइनमन म्हणून निवृत्त झालेले. भर पावसात खांबावर चढून तारा जोडणारा हा माणूस विमानाला मात्र घाबरत होता. पहिलाच प्रवास. तिकिटं काढली तेव्हापासून त्यांनी मला तीनदा फोन करून विचारलं होतं, "रेल्वेने नाही का जमणार?" सोबत त्यांची पत्नी, म्हणजे गटातल्या सगळ्यांच्या काकी, आणि बत्तीस वर्षांचा पुतण्या सुहास. सुहासचं म्हापशाला स्पेअर पार्टचं दुकान. काकांवर त्याचा फार जीव. वडील लवकर गेले, दत्तारामनीच त्याला वाढवलं.

सुहासची विमानातल्या दारूविषयीची सगळी माहिती मस्कतला नोकरी करणाऱ्या आतेभावाकडून आलेली होती. "विमानात व्हिस्की देतात, मागितली तर दुसरीही देतात." आतेभाऊ खोटं बोलत नव्हता. आखातात जाणाऱ्या अनेक आंतरराष्ट्रीय विमानांत मद्य मिळतं. कुवेत आणि सौदीच्या सरकारी कंपन्यांच्या विमानांत ते मिळत नाही, पण आतेभावाचा त्यांच्याशी संबंध आला नव्हता. गोव्यात जवळजवळ प्रत्येक वाड्यावर आखातात राहून आलेलं कोणीतरी असतं, आणि विमानप्रवासाचं आमचं अर्धं शहाणपण त्यांच्याकडूनच येतं. ते शहाणपण आंतरराष्ट्रीय विमानाचं असतं, हे कोणी बोलून दाखवत नाही.

आणखी एक गोष्ट गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगायला हवी. आमच्याकडे फेणी घरात लपवून ठेवत नाहीत. पोट दुखलं तर चमचाभर देतात, सर्दी झाली तर छातीला चोळतात, चैत्रात काजूच्या भट्ट्या पेटल्या की हुर्राकाची, म्हणजे काजूच्या पहिल्या धारेच्या दारूची, चव कशी उतरली आहे यावर वडीलधारी माणसं गंभीरपणे चर्चा करतात. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा आम्हाला अभिमान आहे. दिल्लीतल्या नातेवाइकाला फेणीची बाटली नेणं म्हणजे आमच्या लेखी काजूचं पाकीट नेण्यासारखंच आहे.

नियम काय सांगतात

भारतात देशांतर्गत विमानात मद्य दिलंच जात नाही. आंतरराष्ट्रीय विमानात कंपनी देऊ शकते, पण तिथेही प्रवाशाने स्वतःची बाटली उघडायची नसते. पेला कर्मचाऱ्यांच्या हातूनच यायला हवा. अमेरिकेत हा संघराज्याचाच लेखी नियम आहे: विमान कंपनीने दिलेली सोडून दुसरी दारू विमानात पिता येत नाही. आपल्याकडे कंपन्या प्रवासाच्या अटींत हे लिहितात. शिवाय विमानाची सुरक्षा किंवा शिस्त धोक्यात येईल असं मद्यपान विमान नियम, १९३७ नुसार निषिद्ध आहे.

दारू नेण्याचे नियम वेगळे आहेत, आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. सामानात सोडायच्या बॅगेत २४ ते ७० टक्के अल्कोहोल असलेली दारू प्रत्येकी पाच लिटरपर्यंत, मूळ सीलबंद बाटलीत नेता येते. ७० टक्क्यांवरची अजिबात नाही. फेणी ४२ टक्क्यांच्या आसपास असते, म्हणजे ती या पाच लिटरांत मोजली जाते. हुर्राक २४ टक्क्यांच्या खालची, म्हणून ती या मोजणीत येत नाही. सुरक्षा तपासणीच्या पुढे जी दुकानं असतात, तिथे घेतलेली सीलबंद बाटली हातातल्या पिशवीतून विमानात नेता येते. (राज्याबाहेर दारू नेण्याचे अबकारी परवाने हा वेगळा विषय आहे, त्यात इथे शिरत नाही.)

म्हणजे बाटली विमानात नेणं चालतं, पण तिथे ती उघडणं चालत नाही. एकदा वाचलं की सोपं वाटतं. पण ज्याने ते वाचलेलं नाही, त्याला दुकानदार बाटली विकतो, बिल देतो, दारावरचे कर्मचारी ती पिशवी बघूनही आत सोडतात. एवढ्या लोकांच्या नजरेखालून गेलेली वस्तू वापरायला बंदी असेल, असं त्याच्या मनात कशाला येईल?

गैरवर्तनाबद्दल नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची २०१७ ची नियमावली आहे. तिच्यात तीन स्तर आहेत. पहिल्यात हातवारे, शिवीगाळ, दारूच्या अमलाखालचा गोंधळ. यासाठी तीन महिन्यांपर्यंत विमानबंदी. दुसऱ्यात ढकलणं, मारणं, धरणं, नको तिथे हात लावणं, सहा महिन्यांपर्यंत. तिसऱ्यात जिवावर बेतणारं वर्तन. किमान दोन वर्षं. या प्रकरणात पुढे सगळा प्रश्न पहिल्या आणि दुसऱ्या स्तरामधल्या रेषेवर येऊन थांबला.

त्या रात्री काय घडलं

विमान संध्याकाळी सहा पन्नासचं. गट साडेचारला विमानतळावर पोचला. सव्वापाचला कळलं की दिल्लीत धुकं आहे, विमान नऊ वीसला सुटेल. उत्तरेतल्या हिवाळ्यात हे नेहमीचं, पण दत्तारामना ते ठाऊक नव्हतं. धुकं म्हटल्यावर त्यांना घाम फुटला. हात थंड पडले. काकी म्हणाल्या, "देवाचं नाव घ्या." सुहास म्हणाला, "काका, चला, एक एक घेऊ. बरं वाटेल."

आतल्या बारमध्ये दोघं सव्वासहाच्या सुमारास बसले. साडेआठपर्यंत दत्तारामनी साठ मिलिलिटरचे दोन पेग घेतले, सुहासने तीन आणि वर एक बीअर. जेवण कोणीच केलं नाही. गटाचं जेवण विमान वेळेवर सुटेल हे धरून दिल्लीला ठरलेलं होतं. हा माझा आखणीतला दोष. उशीर झाला तर काय खायचं, याची सूचना मी दिलेली नव्हती.

पावणेनऊला सुहासने दुकानातून काजू फेणीची ७५० मिलिलिटरची बाटली घेतली, दिल्लीतल्या नातेवाइकासाठी. प्यायचा विचार तेव्हा नव्हता असं तो सांगतो, आणि मला ते पटतं. प्यायचीच असती तर त्याने लहान बाटली घेतली असती.

फाटकावर नऊ वाजता कर्मचाऱ्यांनी सुहासला थांबवलं. आवाज चढलेला, डोळे लाल. "साहेब, तुम्ही ठीक आहात ना?" असं विचारलं. माझा मदतनीस पुढे झाला आणि म्हणाला, "माझ्या गटातले आहेत. मी बरोबर आहे." मागे अडीच तास ताटकळलेली रांग होती, लोक ओरडत होते. कर्मचाऱ्यांनी सोडलं.

विमान नऊ पस्तीसला उडालं. खिडकीपाशी एक तरुण बाई, मांडीवर वर्षाभराचं मूल. मध्ये दत्ताराम. कडेला सुहास. उड्डाणानंतर थोड्या वेळाने विमान हलायला लागलं तसं दत्तारामनी समोरच्या आसनाची पाठ दोन्ही हातांनी धरली आणि सोडेनात. सुहासने खाण्यापिण्याच्या गाडीवरून सोड्याचे दोन पेले घेतले, पायाशी ठेवलेली पिशवी उघडली आणि बाटलीचं झाकण फिरवलं.

फेणी चोरून पिता येत नाही. ज्याने ती कधी हुंगली आहे त्याला हे सांगायला नको. बंद केबिनमध्ये तो वास दोन मिनिटांत सहा रांगांपर्यंत गेला. मूल रडायला लागलं. बाईने घंटीचं बटण दाबलं.

हवाई सेविकेने शांतपणे सांगितलं की विमानात स्वतःची दारू पिता येत नाही. पेले द्या, बाटली आम्ही ठेवतो, उतरताना परत मिळेल. दत्तारामनी लगेच पेला पुढे केला. सुहासने केला नाही. "तुमच्याच विमानतळावर घेतली आहे. हे बिल बघा. विकताना कोणी का सांगितलं नाही?" तिने बाटलीकडे हात नेला, सुहासने बाटली मागे ओढली. झाकण उघडंच होतं. फेणी उडाली ती बाळाच्या पांघरुणावर. मग सुहासच्या तोंडून एक घाणेरडी शिवी गेली.

इथपर्यंतच्या घटनेला चार मिनिटं लागली असतील.

कर्मचाऱ्यांपुढचे पर्याय

यानंतर त्या विमानातल्या लोकांनी जे केलं ते मला आजही शिकण्यासारखं वाटतं. सुहासला जागेवरून उठवून मागे नेता आलं असतं. त्यात झटापटीची शक्यता होती. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी हात बांधता आले असते. नोव्हेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्क-दिल्ली विमानात एका मद्यधुंद प्रवाशाने सहप्रवासी महिलेवर लघवी केल्याचं प्रकरण देशभर गाजलं, त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये महासंचालनालयाने कंपन्यांना आठवण करून दिली होती की समजावणीचे सगळे मार्ग संपले तर बांधण्याची साधनं वापरा. वैमानिकाला विमान वाटेतच कुठे उतरवताही आलं असतं. त्यात दीडशेहून जास्त प्रवाशांची रात्र गेली असती.

त्यांनी बाई आणि बाळाला हलवलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाने जागा दिली. सुहासच्या वाटेला कोणी गेलं नाही. ज्येष्ठ सेविकेने त्याच्यापुढे बसून, डोळ्यांच्या पातळीवर येऊन, लेखी इशारा वाचून दाखवला. दत्तारामनी स्वतः बाटली सुहासच्या हातातून काढून दिली. दोघांना फक्त पाणी आणि सॅन्डविच दिलं. पंधरा मिनिटांत सुहास झोपला. वैमानिकाने दिल्लीला आधीच कळवून ठेवलं.

न्यूयॉर्कच्या प्रकरणात त्रास झालेल्या महिलेला वेळेवर दुसरी जागा न देण्यावरही टीका झाली. इथे आधी त्या बाईचा विचार झाला. माझ्या मते पुढचं सगळं त्यामुळेच आटोक्यात राहिलं.

दिल्लीत उतरल्यावर

बारा दहाला विमान उतरलं. सुरक्षा दलाचे जवान आत आले आणि सुहासला घेऊन गेले. मदतनीसाचा मला बारा चाळीसला फोन आला. तो रडत होता.

मला तीन गोष्टी लगेच ठरवायच्या होत्या. सोळा माणसांना हॉटेलवर पाठवायचं की तिथेच थांबवायचं? मी बस सोडायला सांगितली. फक्त दत्ताराम आणि मदतनीस थांबले. दुसरी गोष्ट, सुहासने काय बोलावं. मी एवढंच सांगितलं की झालं ते झालं तसं सांग, दुकानाचं बिल जपून ठेव, कर्मचाऱ्यांशी वाद घालू नकोस. तिसरी गोष्ट जड होती. गटातल्या एका मुलाने मोबाइलवर चित्रण केलं होतं आणि ते नातेवाइकांच्या गटावर टाकायच्या बेतात होता. त्याला मी फोनवरून कडक शब्दांत थांबवलं. त्यात ते बाळ आणि ती बाई दिसत होती. त्यांचा काही दोष नसताना त्यांचे चेहरे गावभर फिरले असते.

पोलिसांनी वैद्यकीय तपासणी केली, जबाब घेतला आणि पहाटे चारला सुहासला सोडलं. गुन्हा नोंदला गेला नाही. कंपनीची तक्रार मात्र राहिली. तिसऱ्या दिवशी आग्र्यात असताना ई-मेल आला: प्रकरण अंतर्गत समितीकडे दिलं आहे, निर्णय होईपर्यंत तीस दिवस कंपनीच्या विमानाने प्रवास करता येणार नाही. परतीचं तिकीट त्याच कंपनीचं होतं.

दुसऱ्या कंपनीवर ही बंदी बंधनकारक नसते, हे बहुतेकांना माहीत नसतं. सुहासला दुसऱ्या कंपनीचं तिकीट काढता आलं असतं. पण नववर्षाच्या दिवसांत गोव्याचं भाडं परवडण्यापलीकडे गेलं होतं. तत्काळमध्ये गोवा एक्सप्रेसची दोन तिकिटं काढली, निम्मा खर्च मी उचलला. दोन अशासाठी, की दत्तारामवर कसलीही बंदी नसताना ते म्हणाले, "त्याने घेतली ती माझ्यापायी. मी त्याला एकट्याला सोडणार नाही." निजामुद्दीनहून भोपाळ, पुणे, मिरज, लोंडा, कुळे करत दोघं मडगावला उतरले. काकी विमानाने परतल्या. त्या दोघांशी बोलायला त्यांना आठवडा लागला.

समितीपुढे काय मांडायचं

नियमावलीप्रमाणे समितीत निवृत्त जिल्हा व सत्र न्यायाधीश अध्यक्ष असतात, दुसऱ्या एखाद्या विमान कंपनीचा प्रतिनिधी असतो आणि प्रवासी किंवा ग्राहक संघटनेचा एक सदस्य. तीस दिवसांत निर्णय द्यायचा असतो. न दिल्यास प्रवासी उडायला मोकळा. निर्णय मान्य नसेल तर साठ दिवसांत अपील करता येतं.

कंपनीच्या अहवालात दोन आरोप होते. एक, स्वतःची दारू प्यायली आणि शिवीगाळ केली. दोन, सेविकेचा हात ढकलला. पहिला आरोप पहिल्या स्तरात येतो, दुसरा दुसऱ्या. तीन महिने की सहा, हे "ढकलला" या एका शब्दावर ठरणार होतं.

माझ्या दुकानात एका संध्याकाळी सुहास, दत्ताराम आणि ओळखीचे एक वकील बसले. सुहासचा पहिला आग्रह सगळंच नाकारायचा होता: दुकानाने विकली, फाटकावर सोडलं, दोष त्यांचा. वकिलांनी हळुवारपणे विचारलं, "बाटली कोणी उघडली?" त्यावर तो गप्प झाला. दुसरा पर्याय, सगळं मान्य करून माफी मागायची आणि प्रकरण संपवायचं. यात धोका असा की न केलेली गोष्टही कागदावर कबूल होते. दत्ताराम या बाजूचे होते. त्यांना लाज जास्त टोचत होती. तिसरा पर्याय, पिणं आणि शिवी निखालस मान्य करायची, बिल जोडून परिस्थिती सांगायची, पण हात ढकलल्याचं ठामपणे नाकारायचं. आम्ही तिसरा घेतला.

राहिलं ते चित्रण. ते बाटली सांडल्यानंतर सुरू झालं होतं. म्हणजे ज्या क्षणाबद्दल वाद होता तो त्यात नव्हता. होती ती फक्त शिवी, स्पष्ट ऐकू येणारी. द्यायचं की नाही? ते कोणी मागितलेलं नव्हतं. सुहासला वाटत होतं, पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा. मी सांगितलं की आपण एका गोष्टीबाबत "आमच्यावर विश्वास ठेवा" म्हणतो आहोत, तर दुसरी गोष्ट खिशात लपवून ते मागता येणार नाही. दोन दिवस विचार करून त्याने स्वतःच ते पाठवलं.

उत्तर मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत करून घेतलं. सुहासने एक वाक्य स्वतःच्या हाताने घातलं: "ज्या ताईंच्या बाळावर दारू सांडली त्यांची मी माफी मागतो; त्यांनी काहीच केलं नव्हतं."

निकाल

सव्विसाव्या दिवशी आदेश आला. पहिला स्तर, दोन महिन्यांची बंदी. आदेशात दोन गोष्टी नमूद होत्या. प्रवाशाने स्वतःविरुद्ध जाणारं चित्रण आपणहून दिलं, याची नोंद होती. आणि खिडकीपाशी बसलेल्या महिला प्रवाशाने कंपनीला दिलेल्या जबाबाचा उल्लेख होता, नावाशिवाय. तिने सांगितलं होतं की त्या माणसाने बाटली स्वतःकडे ओढली, सेविकेला हात लावला नाही. तिच्या बाळाचं पांघरूण भिजलं होतं, रात्रभर तो वास तिच्या कपड्यांना होता, आणि तरीही तिने जे पाहिलं तेवढंच सांगितलं.

अपील केलं नाही.

निर्णयाच्या जागा, आणि वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात महत्त्वाची जागा मला फाटक वाटते. दार बंद झाल्यावर सगळ्यांचेच पर्याय कमी होत जातात. हवेत तर ते जवळजवळ उरतच नाहीत. फाटकावर अजून सगळं शक्य होतं. कंपनीला नशेतल्या प्रवाशाला नाकारण्याचा अधिकार आहे. कर्मचाऱ्यांनी योग्य प्रश्न विचारला होता, पण उत्तर माझ्या मदतनीसाने दिलं. त्याला वाटलं आपण गटाची बाजू सांभाळतो आहोत. खरं तर त्याने सुहासला बाजूला घेऊन, पाणी पाजून, काही खायला घालून, शेवटच्या रांगेत आणायला हवं होतं, आणि बाटली स्वतःच्या पिशवीत ठेवायला हवी होती. त्याला हे मी कधी शिकवलंच नव्हतं. आता शिकवतो. गटातल्या कोणाविषयी कर्मचाऱ्यांनी शंका घेतली तर "मी आहे" असं म्हणायचं नाही. "पाच मिनिटं द्या, मी बघतो" असं म्हणायचं.

दुसरी जागा दत्तारामची भीती. ती मला तीन फोनांतून कळली होती आणि मी "काही होत नाही हो काका" म्हणून सोडून दिली. भीतीवर दारू हा उपाय नाही, विमानात तर नाहीच. केबिनमधली हवा साधारण सहा ते आठ हजार फूट उंचीवरच्या हवेइतकी विरळ असते. महाराष्ट्रातलं सर्वोच्च कळसूबाई शिखर ५,४०० फुटांचं. म्हणजे विमानात बसलेला माणूस तासन्‌तास कळसूबाईच्याही वर असतो. २०२४ साली 'थोरॅक्स' या वैद्यकीय नियतकालिकात जर्मन संशोधकांनी प्रयोगशाळेत असा दाब निर्माण करून माणसांना झोपवून पाहिलं. ज्यांनी आधी मद्य घेतलं होतं, त्यांच्या रक्तातला प्राणवायू ८५ टक्क्यांच्या आसपास उतरला आणि नाडी मिनिटाला ८८ च्या जवळ गेली. ही धडधाकट, तरुण माणसं होती. एकसष्ट वर्षांच्या, उपाशीपोटी घाबरलेल्या माणसाला छातीत धडधड वाढल्यावर भीती कमी होईल की जास्त? दत्ताराम सांगतात की दोन पेगनंतर बारमध्ये बरं वाटत होतं, पण विमान चढलं तसं आधीपेक्षा वाईट वाटू लागलं.

आता घाबरणारी व्यक्ती गटात असली की मी पंखाजवळची, कडेची जागा घेतो. तिथे हेलकावे कमी जाणवतात. चढताना सेविकेला सांगायला लावतो की हा माझा पहिला प्रवास आहे, मला भीती वाटते. त्या आवर्जून येऊन विचारतात. झोपेची किंवा भीतीची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच, आणि तिच्याबरोबर दारूचा थेंबही नाही.

तिसरी जागा दुकान. याविषयी मला अजून राग आहे. बाटली विकण्यात काही चूक नाही. पण पिशवीत घालताना एक वाक्य बोलायला किती वेळ लागतो? "ही विमानात उघडायची नाही." काउंटरवर मराठी आणि कोकणीत एक पाटी लावली तरी पुरे. सुहास म्हणतो, त्याला कोणी आधी सांगितलं असतं तर त्याने उघडली नसती, आणि बारमधून उठल्यावरच्या अवस्थेतही उघडली नसती. पहिल्या भागावर माझा विश्वास आहे. दुसऱ्यावर नाही, आणि ते मी त्याला तोंडावर सांगितलं आहे. नियम माहीत नसणं हे बाटली उघडण्याचं कारण असू शकतं. सांगितल्यावरही न देणं, ओढणं, शिवी देणं, ही पोटातल्या दारूची करामत होती.

चौथी जागा मी स्वतः. प्रवासाच्या सूचनांचं जे पत्रक मी देतो त्यात सामानाचं वजन, ओळखपत्र, स्वेटर, औषधं सगळं होतं. दारूविषयी एक ओळ नव्हती. आपल्या लोकांना हे लिहून देणं त्यांना अपमानाचं वाटेल, असं मला इतकी वर्षं वाटत आलं. आता पत्रकात तिसऱ्या क्रमांकावर तेच आहे: भेट म्हणून फेणी न्यायची तर सीलबंद बाटली सामानाच्या बॅगेत, पाच लिटरांच्या आत, हातातल्या पिशवीत नको. हातात नसेल तर उघडली जाणार नाही. आजवर एकालाही ते अपमानाचं वाटलेलं नाही. एक आजोबा म्हणाले, "बरं झालं लिहिलंस, मी पोरांना सांगायचं कसं या विचारात होतो."

बंदी संपल्यावर सुहासने कंपनीला लिहिलं की त्या ताईंना मला पत्र पाठवायचं आहे, पत्ता मिळेल का. पत्ता देता येणार नाही असं उत्तर आलं, आणि ते योग्यच आहे. पत्र मात्र पाठवून द्या, आम्ही पुढे पोचवू, असंही त्यांनी कळवलं. त्याने दीड पान लिहिलं, सोबत बाळासाठी एक लोकरी पांघरूण बांधलं. ते पोचलं की नाही याचा निरोप अजून आलेला नाही. पत्राची एक प्रत दुकानाच्या बिलासोबत माझ्या फायलीत आहे.